जाळीपलीकडचा पैलवान

समुद्री काकडी ही भाजी नसते, हे मामाने आजवर इतक्या लोकांना समजावलं होतं, की शेवटी लोक त्यालाच काकडीमामा म्हणायला लागले. नाव ठेवलं ते भाचीने, लहान असताना. ती मोठी झाली, नोकरीसाठी परगावी गेली, नाव मात्र मागे राहिलं आणि घरातून निघून मामाच्या प्रयोगशाळेतही पोचलं. मामाला त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी हसलं की तो खुर्ची पुढे ओढून सुरूच करायचा. समुद्राच्या तळाशी राहते, डोकं नाही, डोळे नाहीत, नुसतं वीतभर चामड्याचं नळकांडं. पण त्या नळकांड्यात मज्जातंतूंचे पाच दोरे उभे धावतात, आणि त्यातला एखादा कापला तर ती तो पुन्हा जोडून घेते. आपला कापला तर आपण जन्माचे बसलो. एवढं बोलून तो समोरच्याच्या तोंडाकडे असा बघायचा, की जोडायचं काम जणू त्यानेच केलंय.

याहून मोठी एक गंमत तो खास पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा. काकडीने मनात आणलं तर ती आपलं अंग लोण्याइतकं मऊ करते, बोट जाईल एवढ्या भोकातून पलीकडे ओघळते, आणि पलीकडे पोचली की पुन्हा टणक. हे सांगताना मामा अंगठा आणि बोट जुळवून भोक करून दाखवायचा. ते भोक लक्षात ठेवा, कारण सगळी लाज तिथूनच आत आली.

गोष्ट खरं तर दाजींची आहे. दाजी म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. घरं रंगवायचे. परांचीवरून पाय सरकला, पाठीवर पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. मणक्यातला मज्जारज्जू चिरडलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यापुढचं ते टेबलाकडे बघत बोलले. ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की कपाट वर नेताना त्याची दारं काढावी लागली होती. दाजी चार माणसांच्या हातांवर वर आले ते वरच राहिले. पलंग, चाकांची खुर्ची आणि खिडकी, एवढंच जग. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, आणि तिला रंग कोणी लावलाय आणि किती वाईट लावलाय, यावर दाजी दिवसभर बोलू शकायचे.

मामाला दाजींचा फार लळा. शाळेत असताना त्याला सायकल शिकवली ती दाजींनी, पडल्यावर घरी ताईला काही कळू दिलं नाही तेही दाजींनीच. या माणसाला आपण काहीतरी द्यावं, असं त्याला आतून वाटायचं. द्यायला त्याच्याकडे काकड्या होत्या.

त्या वर्षी त्याचं एक काम चांगलंच रंगात आलं होतं. काकडीचा दोरा कापला की मज्जापेशींना टेकू देणाऱ्या ज्या आधारपेशी असतात, त्या आपलं रूप टाकून पुन्हा कोवळ्या होतात, वाढतात, तुटक्या टोकांमधली फट भरून काढतात, आणि त्यांच्यातूनच नव्या मज्जापेशी तयार होतात. हे घडायला फार वेळ लागतो, म्हणून मामाच्या मनात आलं, की जुळत आलेल्या टोकांचा रस काढून नुकत्याच कापलेल्या काकडीला दिला तर? दिला, आणि काकड्या बघता बघता बऱ्या व्हायला लागल्या. परीक्षा सोपी होती. काकडी उताणी ठेवायची. दोरा तुटलेली असेल तर ती वेडीवाकडी वळत राहते, कारण अंगाचा तेवढा पट्टा लुळा. रस दिलेल्या मात्र सरळ पालथ्या होत होत्या. त्यातली एक, पाठीवर पांढरा डाग असलेली, अशा काही ऐटीत पालथी व्हायची की मामाने तिचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळी तडक ताईचं घर गाठलं.

तिथे तो जे बोलला ते त्याला पुढे शब्दन्शब्द आठवत राहिलं. "दाजी, ही बघा. हिचा दोरा मी माझ्या हाताने कापलाय." एवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं. पण ताई दारात उभी होती, दाजी डोळे मोठे करून बघत होते, आणि आपल्या माणसांपुढे शहाणपणा मिरवायला मिळाला की माणसाची जीभ सैल सुटते. "माणसापर्यंत यायला थोडा वेळ लागेल," तो म्हणाला, "पण येणार. तुम्ही फक्त पाय जिवंत ठेवा."

दाजींनी तो व्हिडिओ मागून घेतला. काकडी ती असली तरी नाव ठेवलं पैलवान. मग रोज फोन. पैलवान काय म्हणतोय, जेवला का, आज किती वेळा पालथा झाला. ताई सांगायची, की सकाळ-संध्याकाळ हातांनी पाय उचलून उचलून व्यायाम चाललाय, पलंगाचा कठडा धरून पालथं व्हायची धडपड चाललीय, घामाघूम होतात पण सोडत नाहीत. पैलवानाला जमतं तर मला का नाही, म्हणतात. हे सांगताना ताई हसत होती, आणि तिला हसताना ऐकून बरेच महिने झाले होते. मामाची मान ताठ झाली ती काही दिवस तशीच राहिली.

अशातच तळमजल्यावरच्या फोटोग्राफरने आपण होऊन विषय काढला. त्याला कामासाठी उजेड हवा होता, वरच्या मजल्यावरचा. तुम्ही खाली या, मी वर जातो, घरमालकाची हरकत नाही, असं तो ताईला म्हणाला. ताईचा जीव तिथेच अडकला. खालच्या घराचं दार सरळ रस्त्यावर उघडायचं, एकही पायरी नाही. खुर्ची ढकलली की दाजी माणसांत. पण दाजी ऐकेनात. खाली जाईन तर माझ्या पायांनी जाईन, खोली बदलून नाही, हेच धरून बसले. ताईने मामाला फोन करून त्याचं मत विचारलं. त्याने सांगितलं, की आत्ता दाजींचं मन मोडू नकोस. तेव्हा तो टाकीला टेकून उभा होता आणि पैलवानाकडे कौतुकाने बघत होता. फोटोग्राफर भला माणूस. घाई नाही, म्हणाला, पण आठवडाभरात काय ते सांगा, नाहीतर मी तुमच्या समोरच्या बिऱ्हाडाला विचारतो.

पुढच्या सोमवारी सकाळी मामा प्रयोगशाळेत आला, कोट चढवला आणि रोजच्याप्रमाणे आधी टाकीपाशी गेला.

टाकी एकच होती, लांबलचक, आणि तिच्या मधोमध प्लास्टिकची जाळी. डाव्या कप्प्यात दोरा कापून रस दिलेल्या काकड्या, उजव्या कप्प्यात नुसती कातडी कापून दोरा शाबूत ठेवलेल्या, तुलनेसाठी. रसाविना ठेवलेल्या कापलेल्या काकड्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या टाकीत. खरं तर तिन्ही गट वेगळेच ठेवायचे. पण तिसरी टाकी गळत होती, आणि मामा म्हणाला होता, जाळी लावू, जाळी पुरे. काकड्यांच्या अंगावर खुणेचा टॅग टिकत नाही, बांधला की कातडीतून ढकलून देतात, म्हणून ज्या कप्प्यात असेल ती त्या गटाची, असा सरळ हिशेब.

त्या जाळीत पैलवान अडकला होता. अडकला कसला, चालला होता. अर्धं अंग डावीकडे, अर्धं उजवीकडे, मध्ये भोकात कंबर चिमटून दोऱ्याएवढी झालेली, आणि पांढरा डाग हळूहळू डावीकडून उजवीकडे ओघळत होता. काही घाई नव्हती त्याला. आपल्या घरी निघाल्यासारखा चालला होता.

मामा बघत राहिला. मग त्याला काहीतरी आठवलं. काही आठवड्यांपूर्वी उजव्या कप्प्यात एक काकडी जास्त निघाली होती आणि डाव्यात एक कमी. टाकी धुताना कोणीतरी चुकीच्या बाजूला ठेवली असेल, असं म्हणून त्याने हाताला लागली ती उचलून डावीकडे टाकली होती. हाताला लागली होती ती डागाची. म्हणजे कापलेली कुठलीशी जाळीतून उजवीकडे गेली, तिथेच राहिली, आणि तिच्या जागी त्याने आपल्या हाताने एक धडधाकट काकडी आणून ठेवली. मग तीच धडधाकट काकडी पालथी झाल्याचा व्हिडिओ घेऊन तो दाजींकडे धावला. उजव्या कप्प्यातली एक काकडी नेहमी वेडीवाकडी वळायची. तिला तो आळशी म्हणायचा.

एवढंच असतं तर एका काकडीचा घोटाळा म्हणता आलं असतं. पण जिथून एक जाते तिथून सगळ्या जातात. भोक करून दाखवणारे ते बोट आणि तो अंगठा मामाने कोटाच्या खिशात घातले. जगाला जी गंमत सांगत फिरलो, ती आपल्याच टाकीत आपल्याला दिसू नये, या विचाराने त्याला भर सकाळी घाम फुटला.

आणि मग त्याने जे केलं त्याची त्याला चुकीपेक्षा जास्त लाज वाटत राहिली. त्याने दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. बोटाने पैलवानाला हळूच मागे ढकललं, डाव्या कप्प्यात, आणि त्या भोकासमोर एक दगड ठेवून दिला.

खोलीत कामाला आणखी एक बाई होती. काकड्यांचे कापलेले तुकडे घेऊन त्यांच्या कागदाहून पातळ चकत्या काढायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, हे तिचं शास्त्र. तिला सगळे चकतीबाई म्हणत. तिने दगड पाहिला आणि हा कशाला म्हणून विचारलं. पाण्याचा झोत लागत होता, असं मामाने सांगितलं. खोटं बोलताना आवाज किती सहज निघतो याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

दाजींचा फोन आला. पैलवान मजेत आहे, मामा म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

नीट खात्री करून घेऊ आणि मग सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. खात्री हा शब्द सभ्य माणसाला लपायला फार सोयीचा. त्याने गळकी टाकी दुरुस्तीला दिली, जुन्या चकत्या पुन्हा बघायला हव्यात असं चकतीबाईला मोघम सांगितलं, जेवला, झोपला. बुधवारी ताईचा फोन आला. फोटोग्राफर पुन्हा विचारून गेला होता. ताई म्हणाली, यांना कसंही करून मी तयार करीन, पण तू एकदा पक्कं सांग. तुझं ते औषध होईल तोवर कळ काढायची, की खाली जाऊ? तुझ्या शब्दावर आहे सगळं.

आत्ता बोलायला हवं होतं. नुसतं खाली जा म्हटलं असतं तरी पुरलं असतं, बाकीचं नंतर सांगता आलं असतं. पण खाली जा म्हटलं की ती का म्हणणार, आणि त्या का-चं उत्तर द्यायची मामाची तयारी नव्हती. "मी टाकीपाशी आहे," तो म्हणाला. "नंतर करतो फोन." त्याने केला नाही.

शुक्रवारी चकतीबाईने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. महिन्यापूर्वी याच चकत्या बघून ती म्हणाली होती, मामा, हा दोरा कधी कापला होता असं वाटतच नाही. मामाने ती शाबासकी समजून चारचौघांत सांगितली होती. आता तिने स्टूल सरकवून त्याला जागा करून दिली. जिथे खरंच कापलं होतं तिथे कोवळ्या पेशींची दाटी, नवे तंतू वाट चुकल्यासारखे आडवेतिडवे. आणि बाकीच्या चकत्यांत सगळं सरळ, नीटस, जन्मापासून होतं तसं.

"यातल्या बऱ्याचशा काकड्यांचा दोरा कधी कापलेलाच नाही," ती म्हणाली. तिने दिवा बंद केला. "दगड तुम्ही सोमवारी ठेवलात ना?"

मामाने मान हलवली. तिने चकत्या पेटीत भरल्या आणि पेटी त्याच्यापुढे सरकवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखबाईंना सांगणं त्यामानाने सोपं गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, या कामावर पाठवलेला शोधनिबंध मागे घ्यायला लावला, नव्या टाक्यांसाठी अर्ज करा म्हणाल्या. पुढच्या परिषदेतल्या भाषणांच्या यादीतून मामाचं नाव वगळलं गेलं. शास्त्राचं हे बरं असतं. चूक कबूल केली की पुन्हा पहिल्यापासून करायला मिळतं.

शनिवारी तो ताईकडे निघाला. इमारतीत शिरला तर तळमजल्याचं दार सताड उघडं. समोरच्या बिऱ्हाडातली माणसं गाद्या, डबे, एक पाळणा आत नेत होती. फोटोग्राफर दिव्यांचे स्टँड खांद्यावर घेऊन जिन्याशी उभा होता. तो मामाला ओळखायचा. ओशाळून म्हणाला, की ताई गुरुवारपर्यंत थांबा म्हणत होत्या, तुमच्या फोनची वाट बघत होत्या, मग मीही किती थांबणार. त्याने माफी मागितली. मामाने त्याला माफी मागू दिली, कारण दुसरं काही सुचलं नाही.

वर दाजी पलंगावर कुशीवर होते, कठडा धरलेला, कपाळावर घाम. मामाला बघून त्यांचा चेहरा फुलला. "थांब, तिथेच थांब," म्हणाले, आणि दात आवळून, एका हाताने पाय ओढून घेत ते खरंच पालथे झाले. उशीत तोंड ठेवूनच विचारलं, "पैलवानाला सांगशील ना?"

ताईने त्यांना पुन्हा सरळ केलं, पाठीशी उशी दिली. मामा खुर्चीच्या कडेला बसला आणि त्याने सगळं सांगितलं. जाळी, भोक, दगड. आधारपेशी वगैरे त्याने वगळलं. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. ज्या माणसाने आपल्याला सायकलच्या मागे धावून शिकवलं, त्याला आपण कुठल्या उताराला लावलं होतं, हे बोलता बोलता त्याला पहिल्यांदा धड दिसलं.

दाजींनी पाठीमागची उशी सारखी केली. "म्हणजे पैलवानाला कधी काही झालंच नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, दाजी."

"धडधाकट होता."

"हो."

"आणि मी रोज त्याच्याशी बरोबरी करत होतो." हे त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत म्हटलं, पण तिच्या रंगाबद्दल काही बोलले नाहीत.

ताई उभीच होती. "चुका होतात रे," ती म्हणाली. "माणूस कामात चुकतोच. तुला कळलं कधी, ते सांग."

काल, हा शब्द मामाच्या ओठांवर तयार होता. कालच तर चकतीबाईने सांगितलं. कोणी पडताळायला जाणार नव्हतं. त्याने ताईच्या पायांकडे पाहिलं. जिने चढून उतरून घोट्यांना सूज आली होती.

"सोमवारी," तो म्हणाला.

"मी फोन केला तो बुधवारी."

"हो."

ताई ओरडली नाही. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज आला नाही, नळाचा आला नाही; ती आत नुसतीच उभी होती, आणि बाहेर दोन पुरुष तो न येणारा आवाज ऐकत बसले होते. मामाला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. जमीन तीन मजले खाली होती.

शेवटी दाजीच बोलले. खाली फार गडबड चाललीय, म्हणाले, बघायला मजा आली असती. रस्त्यावर बसून बघायला.

"मी नेतो," मामा म्हणाला.

"चार माणसं लागली होती मला."

"पाठीवर नेतो. रोज नेतो. संध्याकाळी येऊन."

दाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या भिंतीला किती रंग लागेल ते बघावं तसं. मग हात पसरले. मामा पलंगाशी पाठ करून वाकला. दाजींचे हात त्याच्या गळ्याभोवती आले, वजन खांद्यांवर आलं, आणि पाय दोन्ही बाजूंनी लोंबत राहिले. ताई बाहेर आली ती जुनी चादर घेऊन. तिने दाजींचे पाय उचलून मामाच्या कमरेशी धरले आणि चादर गुंडाळून गाठ मारली. गाठ आवळताना तिने एकदा जोरात ओढली. मामाचा श्वास अडकला, पण तो हूं की चूं बोलला नाही, आणि तिनेही गाठ सैल केली नाही.

जिन्यात भिंतीला खांदा घासत, एकेक पायरी चाचपत तो उतरला. प्रत्येक पायरीला दाजींची हनुवटी त्याच्या डोक्यावर आपटायची. दुसऱ्या मजल्यावर दाजींनी भिंतीला बोट लावून रंगाचा पोपडा काढला आणि कुठल्या गाढवाचं काम हे, असं स्वतःशीच म्हणाले. खाली पाळणा दारातून आत घेणारी माणसं बाजूला सरकली. त्यांच्यातली म्हातारी कौतुकाने म्हणाली, एवढं तीन मजले एकट्याने आणलं, हे कोण हो तुमचे?

दाजींनी मामाच्या खांद्यावर थाप मारली. "हा आमचा पैलवान," ते म्हणाले.

सगळे हसले. मामाला मान वर करता आली नाही. पाठीवर ओझं आहे म्हणून वाकलाय, असं बघणाऱ्यांना वाटलं.